झाईच्या बांबूवर अडलेली सहल

शेवटचा पेपर सुटला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पिशवीत कोंबून मी शाळेतून घरी आले आणि ओटीवर पाऊल टाकते न टाकते तोच अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. आमच्या घरात हे लक्षण काही चांगलं नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या फायली तपासण्यात घालवली. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, की समजावं, समोरच्या कागदात, आमटीत नाहीतर माणसात त्यांना काहीतरी त्रुट सापडलेली आहे.

"सुमन," ते म्हणाले, "ती पार्कची फाईल अजून प्रलंबित आहे."

"कसली पार्कची फाईल?"

"असं कसं? सगळ्यांनी मिळून जायचं होतं ना. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या. झाईला बसत होतो आपण."

मला एकदम हसूच फुटलं. फाईल वगैरे कधी नव्हतीच हो. होता तो एक बांबू.

एप्रिल लागला की आमच्या घोलवडला हवेला चिकूचा वास सुटतो. गोड, जरासा आंबूस, दुपारी डोक्यात बसणारा. वाडीत पिकून पडलेल्या चिकूंवर माश्या घोंघावतात, रात्री वटवाघळं अर्धे खाऊन उरलेले पत्र्यावर टाकतात. इतरांना ह्या वासाने सुट्टी आठवत असेल. मला आता त्याच्याबरोबर सॅनिटायझरचाही वास येतो. कारण त्या कोरोनाच्या उन्हाळ्यात आमचे जावई जयेशकुमार यांनी आम्ही दिलेल्या चिकूंवर एकेक करून सॅनिटायझर फवारला होता, आणि मग त्यातलाच एक सोलून, "अण्णा, या वेळेचा माल जरा कडवा आहे ने?" असं विचारलं होतं. अण्णांनी त्या दिवशी चष्मा पुसला नाही. तो पुसण्याच्याही पलीकडचा प्रसंग होता.

पण आधीपासून सांगायला हवं. माझी नणंद नीता उंबरगावला दिली. उंबरगाव म्हणजे गुजरात, पण आमच्यासाठी ते परराज्य कधी नव्हतंच. बोर्डीवरून सुरूच्या झाडांच्या कडेने निघायचं, झाई ओलांडायची, की आलं. स्कूटरवर चिकूची पिशवी अडकवून मध्ये कुठेतरी आपण राज्य बदलतो हे लक्षातही यायचं नाही. दुकानांच्या पाट्या बदलतात, बस. सासूबाई गेल्या, त्यानंतर नीताने दर रविवारी माहेरी यायचा नेम धरला. सकाळी यायची, अण्णांशी भांडायची, त्यांच्या औषधांच्या डब्या तपासायची, संध्याकाळी परत जायची. अण्णा तोंडाने कधी "ये" म्हणाले नाहीत. फक्त रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "वाऱ्याला बसलोय."

आणि मग सगळं बंद झालं. राज्याची हद्द म्हणजे काय असते ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. झाईच्या पुढे रस्त्यावर मातीचा ढीग आला, ढिगावर दोन खुंट आणि खुंटांना आडवा बांधलेला एक बांबू. पलीकडे माझी नणंद, अलीकडे तिचे वडील. गावात रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी ऐकू यायचं. फोन वाजला की उचलायला कोणी पुढे होईना. आणि अण्णा रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसायचे ते बसायचेच. येणार कोणी नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. जेवण निम्म्यावर आलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलेनासे झाले, तेव्हा मात्र मी घाबरले. अण्णा त्रुट काढत नाहीत म्हणजे माणूस आजारी आहे.

पार्कचं खूळ मूळ आमच्या सईचं. ती तेव्हा नऊ वर्षांची. त्या मेमध्ये तिला एका मोठ्या पार्कला न्यायचं आम्ही कबूल केलं होतं, ते हुकलं. तिची भुणभुण चालू होती. एकदा व्हिडिओ कॉलवर नीता म्हणाली, "रडू नको गं सई. सगळं उघडलं ना, की दोन्ही घरं मिळून जाऊ. ध्रुवलाही नेऊ." ध्रुव हा नीताचा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा. व्हिडिओ कॉलमध्ये अण्णांचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. ते कपाळ एकदम बोललं, "असल्या गोष्टी फोनवर ठरत नाहीत. समक्ष बसावं लागतं."

"समक्ष कुठे अण्णा? रस्ता बंद आहे."

"रस्ता बंद आहे. बसायला कुठे बंदी आहे?"

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरायला जरा मोकळीक झाली, तशी आमची वरात झाईला निघाली. माझे यजमान विनय रेल्वेत, डहाणू स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर. आठवडाभर ड्युटी करून रविवारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या गाडीच्या टपावर बांधताना त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. अण्णांनी मे महिन्याच्या उन्हात दोन मास्क लावून वर कानटोपी घातली होती. कानातून जंतू जातात असं त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. पलीकडून नीता, जयेशकुमार आणि ध्रुव आले. त्यांनीही खुर्च्या आणल्या. बांबूपासून दोन्ही बाजूंनी चार-चार हात सोडून आम्ही बसलो. मुलीकडचे, मुलाकडचे, मध्ये आंतरपाट. फरक एवढाच, की मंगलाष्टकं कधी संपणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

पहाऱ्याला धोडी नावाचा होमगार्ड असायचा, आशागडकडचा. पहिल्या दिवशी तो काठी आपटत आला, "काय चाललंय इथे?"

"बैठक," अण्णा म्हणाले.

अशा आवाजात म्हणाले, की त्याने सवयीने सलामच ठोकला. दुसऱ्या रविवारी तो स्वतःची वीट घेऊन शेजारी बसला.

मग सुरू झाल्या त्रुटी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, तसा प्रकार. पार्क सगळे कुलुपात. आणि आम्ही भांडतोय, मुंबईच्या अंगाच्या पार्कला जायचं की गुजरातच्या.

"अण्णा, आमच्या साइडचा जाऊ ने. रस्ता एकदम मक्खन."

"रस्त्यावर बसायचंय का पाळण्यावर, जयेशकुमार?"

"बेउ... दोन्ही!"

धोडीचं मत, पार्कच नको. डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेसारखी मजा कुठेच नाही. पण जत्राही त्या वर्षी झाली नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज बोलता बोलता बारीक झाला. मी तर जत्रेतल्या साध्या पाळण्यातही डोळे मिटून देवीचं नाव घेणारी बाई. पण त्या बैठकांत मी मोठमोठ्या घसरगुंड्यांना बेधडक मान डोलवायचे. जे होणारच नाही त्याला घाबरायचं कशाला?

दुसऱ्या बैठकीत अण्णांनी सईकडून पार्कचे नियम मोबाईलवर मोठ्याने वाचून घेतले. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे हवेत, हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"सुती चालत नाही? पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि बनियन घालून मी समुद्रात पोहलोय. समुद्राने कधी हरकत घेतली नाही."

नीता पदराआड हसत होती. म्हणजे मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण मी तिची वहिनी आहे, मला कळतं. "चौकशी करते अण्णा," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी सादर कर."

तिसऱ्या बैठकीत वज्राघात झाला. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणता येणार नाहीत.' हे सईने वाचलं मात्र, जयेशकुमार उठून उभे राहिले. त्यांच्या घराण्यात थेपले न घेता कोणी उंबराही ओलांडत नाही. "एटले... म्हणजे थेपला पण नाही?" त्यांनी असं विचारलं, की मला त्या माणसाची दया आली. दोन राज्यं त्या दिवशी एक झाली. मी दशम्या साडीच्या घडीत नेण्याची तयारी दाखवली. विनय म्हणाले, थेपले टॉवेलात गुंडाळायचे. धोडी म्हणाला, फाटकावरच्या माणसाला एक थेपला दिला की तो काही बोलणार नाही, अनुभवाने सांगतो. आणि त्याने नीताच्या डब्याकडे पाहिलं. तो डबा मग मधल्या मोकळ्या जागेत ठेवण्यात आला. नीता मागे सरली, धोडी पुढे झाला. देवाणघेवाणीची आमची हीच पद्धत होती. पिशवी मध्ये ठेवायची, मागे व्हायचं, दुसऱ्याने उचलायची. चिकू तिकडे, थेपले इकडे.

अण्णा मात्र नियमाचे पक्के. "चोरून काही न्यायचं नाही. पार्कवाल्यांना विनंती अर्ज करता येईल का, ते बघा." झालं, आणखी एक रविवार.

उंचीचं प्रकरण तर कित्येक महिने पुरलं. मोठ्या पाळण्यांना अमुक उंचीच्या खाली प्रवेश नाही. ध्रुव बुटका. त्याला वाटे आपल्याला घरी ठेवून सगळे जातील. खरी गंमत अशी, की त्या बांबूचा नियम बरोबर उलटा होता. मोठ्यांना बंदी, आणि बुटक्यांना वाट मोकळी. ध्रुव मान न वाकवता बांबूखालून महाराष्ट्रात यायचा. पहिल्यांदा तो धावत थेट अण्णांच्या खुर्चीपर्यंत आला आणि नीता जिवाच्या आकांताने ओरडली, "ध्रुव! मागे फिर! आजोबांना हात लावायचा नाही!"

तो थबकला. अण्णांचे दोन्ही हात पुढे झाले होते. ते त्यांनी हळूच मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "उमेदवाराची उंची मी प्रत्यक्ष पाहिली. कमी आहे. पुढच्या रविवारी परत मोजू."

तेव्हापासून दर रविवारी ध्रुवला बांबूखाली उभं करून उंची मोजायची; डोकं बांबूला लागलं की पार्कची उंची झाली. डोक्यावर आधी दोन बोटं जागा, मग एक. सई त्याला केळी खायला घालायची. पुढे पाऊस लागला. बैठका छत्र्यांखाली होऊ लागल्या, एकमेकांचं बोलणं निम्मं ऐकू यायचं, तरी बैठक कधी चुकली नाही. आणि एका रविवारी ध्रुव नेहमीसारखा पळत आला आणि बांबूवर त्याचं डोकं खाडकन आपटलं. टेंगूळ आलं, तो भोकाड पसरून रडला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय माणसं आम्ही!

त्या दिवशी जयेशकुमारांनी सगळ्या त्रुटींची उत्तरं तयार ठेवली होती. उंची झाली. नायलॉनचे कपडे भाड्याने मिळतात. रक्तदाबाच्या माणसाला साधे पाळणे चालतात. पिशव्या सांभाळायला मी तर तयारच होते. "मग फायनल ने, अण्णा? उघडलं की पहिल्या आठवड्यात."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. छत्रीवरून पाणी गळत होतं, काच कोरडी होणार कशी? मी त्यांच्या शेजारीच होते. इतकी वर्षं कागदात चूक सापडली की ह्या माणसाचा चेहरा खुलायचा, आणि आज चूक सापडत नव्हती म्हणून तो पार उतरला होता.

"पाऊस आला तर पाळणे बंद ठेवतात का," ते म्हणाले, "हे कोणी विचारलं?"

"अण्णा, वॉटर पार्क छे! पाण्यातच तर जायचं आहे!"

"पाण्यात उतरणं वेगळं आणि पावसात भिजणं वेगळं. चौकशी करा. पुढच्या रविवारी बसू."

जयेशकुमारांनी कपाळाला हात लावला. पण नीता पटकन म्हणाली, "हो अण्णा. पुढच्या रविवारी." आणि छत्री जरा पुढे तिरकी केली, म्हणजे तिचं तोंड आम्हाला दिसू नये.

परत येताना विनय वैतागले. "अण्णांना जायचंच नाहीये. उगाच सगळ्यांचा रविवार घालवतात." अण्णा मागच्या सीटवर पेंगत होते, निदान तसं दाखवत तरी होते. मी म्हटलं, "तुम्ही गप्प गाडी चालवा. त्यांना जायचं नाहीच आहे. त्यांना यायचंय." घरी पोचलो. उतरल्यावर विनयनी खुर्च्या पुसून, अगदी पुढच्या रविवारी हाताशी येतील अशा ठेवल्या.

आणि पुढे कधीतरी आम्ही गेलो तर बांबूच नव्हता. माती सपाट केलेली, खुंटांच्या जागी दोन खड्डे, त्यात गढूळ पाणी. धोडीही नाही, त्याची वीट तेवढी होती. नीताची गाडी समोरून आली ती थांबलीच नाही, सरळ आमच्या पुढे निघून घोलवडला. ओटीवर तिने अण्णांना मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. अण्णा हात लोंबते ठेवून ताठ उभे, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. "मास्क लाव," एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

पार्कला? छे, कुठले जातोय! आज जाऊ, उद्या जाऊ, घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. सई मग शाळेच्या सहलीत जाऊन आली. "बोअर होतं," म्हणाली. आता दहावीला जाईल, तिला घरच्यांबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही यायचं नसतं. ध्रुवला मिसरूड फुटायच्या बेतात आहे. नीताने नोकरी धरली. आणि मोकळ्या रस्त्याची एक गंमत असते. कधीही येता येतं, म्हणून येणं होत नाही. "अगं, काय लांब आहे? येतेच एखाद्या रविवारी." दिवाळीला आली होती, ती संक्रांतीला येणार होती. मग ध्रुवच्या परीक्षा आल्या. मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझं माहेर कैनाडला, त्याहून जवळ, आणि आईचा फोन आला की मीही हेच म्हणते. अण्णा अजून रविवारी दाढी करतात, सदरा घालतात, वाऱ्याला बसतात.

तर ह्या वर्षी, माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यासमोर, त्यांनी फाईल काढली. स्वतःच फोन लावला.

"नीता, पार्कच्या प्रकरणात एक गंभीर त्रुट सापडली आहे. नाही, फोनवर सांगण्यासारखी नाही. रविवारी झाईला ये. खुर्ची आण."

मी म्हटलं, "अण्णा, घरीच बोलवा ना. पुरणपोळी करते."

"घरी बोलावलं की ती 'बघते' म्हणते," अण्णा म्हणाले. "झाईला कधी चुकली नाही."

रविवारी पुन्हा खुर्च्या टपावर बांधल्या. विनय चक्क शीळ घालत होते. झाईच्या पुढे रस्त्याच्या कडेला, खुंट होता त्या अंदाजाने आम्ही खुर्च्या मांडल्या. समोरून नीता आली. एकटीच, हातात खुर्ची आणि थेपल्यांचा डबा. आणि काय सांगू, बांबू नाही, माती नाही, पोलीस नाही, तरी ती बाई सवयीने चार हात पलीकडे थांबली आणि खुर्ची मांडून गुजरातेत बसली. बाजूने एक मोटरसायकलवाला गेला. मासळीचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. आम्ही कोण, कशासाठी बसलोय, टेम्पोवाला वळून वळून बघत होता.

"बोला अण्णा," नीता म्हणाली. "काय त्रुट आहे?"

अण्णांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मुलं मोठी झाली. त्यांना येण्यात रस नाही. म्हणजे मूळ प्रस्तावच बाद झाला. नव्याने करावा लागेल. जाणार कोण, बसणार कशावर, सगळं पहिल्यापासून." ते थांबले. "माझं वय बघता, काम लवकर संपवायला हवं. पण घाईत उरकायचं नाही. दर रविवारी बसलो तर..."

टेम्पोच्या धुळीचं निमित्त करून ते खोकले.

नीताने अण्णांकडे पाहिलं. मग उठली. खुर्ची उचलली, चार हात चालत आली आणि खुर्ची अण्णांच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. डबा उघडून त्यांच्या मांडीवर दिला.

"हं, अण्णा," ती म्हणाली, "सांगा. पहिली त्रुट."